नवेगावच्या वाटेवरचा एक तास

गोंदियाला मी सकाळी उतरलो तो नवेगावचा तलाव पाहायचा म्हणून. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते, आश्विन लागला होता. स्टेशनाबाहेर मराठीपेक्षा हिंदीच जास्त कानी पडत होती आणि हवेत गिरण्यांतल्या कोंड्याचा वास भरून राहिला होता. माझा शाळासोबती वामन इथे डॉक्टर होता. त्याच्या अंगणात पोहोचलो, तेव्हा तो बॅग घेऊन मोटारीत बसतच होता.

मोटारीजवळ एक माणूस उभा होता. सखाराम, नवेगावचा ढिवर (मासेमारी करणारा). त्याची बायको आदल्या संध्याकाळपासून अडली होती. सुईणीने हात टेकले, म्हणून तो पहाटेच्या छोट्या गाडीने (नॅरोगेज रेल्वेने) डॉक्टरला न्यायला आला होता. परतीची गाडी थेट संध्याकाळी.

"तूही चल. तुझा तलावही तिथेच आहे," वामन म्हणाला.

गाव मागे पडताच दोन्ही बाजूंना बांध्या (भाताची शेते) लागल्या. धान पिवळे पडू लागले होते. रात्री पाऊस झाला होता. एका नाल्यावर पाणी किती आहे ते पाहायला वामन उतरला आणि चिखलाने भरलेल्या बुटांनी परत येऊन बसला. पलीकडच्या उतारावर गवताचा भारा घेतलेली एक बाई समोरून येत होती. वामनने ब्रेक दाबला आणि त्याचा पाय सटकला. बाईने बांधीत उडी घेतली. मोटार धुऱ्याला (शेताच्या बांधाला) जाऊन आदळली व थांबली.

बाई उठली. तिचा गुडघा खरचटला होता.

"डोये मिटून चालवून राहिले काय?" तिने विचारले.

वामनने तिची क्षमा मागितली, गुडघा धुऊन पट्टी बांधली. मग वाकून त्याने ब्रेकच्या पायटीवरून (पेडलवरून) अंगठा फिरवला. वरचे रबर झिजून गुळगुळीत झाले होते. एका कडेला तर नुसते लोखंड उघडे पडले होते.

"तसंच चला ना, डाक्टर," सखाराम म्हणाला.

"पुढे अजून तीन उतार आहेत. पाय पुन्हा सटकला तर तुझ्या बायकोपर्यंत कुणीच पोचणार नाही."

बाईने सारे ऐकले होते. "माहा मालक जोडे शिवते," ती म्हणाली. "त्या चिचेपाशी घर हाय."

तिचा नवरा म्हातारा होता, अबोल होता. त्याने जुन्या टायरचा तुकडा पायटीच्या मापाने कापला, रापीने त्यावर आडव्या खाचा पाडल्या, आरीने भोके पाडून तो चामड्याच्या वादीने पायटीखालून आवळून शिवला. वामनने ओल्या बुटाने दहादा दाबून पाहिले. एकदा वादी सैल झाली, तेव्हा म्हाताऱ्याने सारे उसवून पुन्हा शिवले. या सगळ्यात तास गेला. सखाराम तेवढा वेळ रस्त्याकडे तोंड करून उभा होता.

नवेगावला पोहोचल्यावर वामन सखारामच्या झोपडीत शिरला. मी तलावाच्या पाळीवर जाऊन बसलो. ज्यासाठी एवढ्या दूर आलो ते पाणी समोर होते, डोंगरांच्या कुशीत दूरवर पसरलेले, आणि मला त्याच्याकडे पाहवत नव्हते. बऱ्याच वेळाने वामन बाहेर आला. सखारामची बायको वाचली होती. मूल मेलेले जन्मले होते.

सखाराम दारात बसला होता. वामन त्याच्यासमोर जमिनीवरच बसला.

"सखाराम, ते रबर झिजल्याचं मला दोन महिने माहीत होतं. उद्या बदलू, परवा बदलू, म्हणत राहिलो. आज तास गेला तो त्यामुळे."

"तुमाले ठाव होतं?"

"हो."

सखारामने मान वळवून झोपडीकडे पाहिले.

"तास आधी आलो असतो तं वाचलं असतं?"

"सांगता येत नाही. कदाचित वाचलं असतं."

"मंग काऊन सांगून राहिले मले?"

"तुला कळायला हवं म्हणून."

सखारामने पाण्याकडे पाहिले. "माही बायको तुमी वाचवली, ते मी इसरणार नाई," तो म्हणाला. "अन् हे बी इसरणार नाई."

शेजारच्या घरातून आमच्यासाठी उकडलेले शिंगाडे आले. ते आम्ही खाल्ले, कारण नाही म्हणणे अधिक कठीण होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी नागपूरच्या गाडीत बसलो. खिडकीतून पाहतो तो छोट्या गाडीच्या फलाटावर वामन बॅग घेऊन उभा. सखारामच्या बायकोला ताप तर आला नाही ना, हे पाहायला तो पुन्हा निघाला होता. तिकडे त्याचे स्वागत कसे होईल, हे त्याला ठाऊक नव्हते.

घरी सारे विचारतात, तलाव कसा होता? मोठा आहे, शांत आहे, असे मी सांगतो. पण त्या प्रवासात मी खरोखर पाहिला तो एक माणूस. लढाईमुळे बाजारात रबर मिळत नव्हते; त्या टंचाईवर वामनला बोट दाखवता आले असते, आणि कुणी त्याला खोटे ठरवले नसते.