तिसरा टाका

सदर इसम: वय त्रेपन्न, उंची मध्यम, चष्मा आहे. पद: संगणकीय सहायक (हंगामी), सलग चौदावे वर्ष. कामाचे स्वरूप: प्रथिनाच्या अक्षरमालेवरून (एक अक्षर म्हणजे एक अमिनो आम्ल) त्याचा कोणता भाग पेशीच्या पडद्याच्या आत व कोणता बाहेर राहील, याचे भाकीत करणे. अचूकता: समाधानकारक. चुका: निरंक.

मुदतवाढीच्या अर्जावर हे वर्णन दरवर्षी तो स्वतःच लिहायचा, त्यामुळे त्यात शुद्धलेखनाच्या चुकाही उरल्या नव्हत्या. संस्थेत त्याला सगळे आतबाहेर म्हणत, तोंडावरसुद्धा.

काम सांगायला सोपं होतं. पेशीचा पडदा तेलकट असतो आणि या प्रथिनांचा दोरा त्यातून शिवणीसारखा आरपार जातो. तेलाशी जमणारी वीसेक अक्षरं सलग दिसली की एक टाका धरायचा. टाके मोजले की दोऱ्याचा कुठला फेरा आत लोंबतो नि कुठला बाहेर, हे कळतं. चौदा वर्षं तो टाके मोजत होता. घरी बायकोने शिवणयंत्र काढलं की तो उठून दुसऱ्या खोलीत जाई.

यंदा अर्जात नवा रकाना आला: ‘सर्वोत्तम भाकीत, पुराव्यासह’. त्याने दोन वर्षांपूर्वीची एक फाइल काढली. सात टाके, शेवटून दुसरा फेरा बाहेर. याच शब्दावर विसंबून वरच्या मजल्यावरच्या कुपीवाल्या बाईंनी, निवृत्तीआधीचं शेवटचं काम म्हणून, त्या फेऱ्याला बाहेरून चिकटतील अशी प्रतिपिंडं बनवली होती. ती चिकटली नाहीत. दोन वर्षं नाहीत. “बाईंचा हात आता पूर्वीचा राहिला नाही,” असं लोक जिन्यात आधी कुजबुजत, पुढे नुसतंच बोलू लागले. अलीकडे बाईही तेच म्हणत.

पुरावा म्हणून त्याने ती अक्षरं, प्रथिनाची घडी काढून दाखवणाऱ्या नव्या संगणकप्रणालीत टाकली. चहा निवायच्या आत आकृती आली. तिसरा टाका पडद्यात अर्ध्यापर्यंत शिरून आल्या वाटेने परत फिरला होता. आरपार गेलाच नव्हता. म्हणजे त्यापुढचं सगळं उलटं. धनभाराची अक्षरं जिथे जास्त तो फेरा बहुधा आत, हे तो नव्या लोकांना पहिल्याच दिवशी सांगे. त्याने बाहेर म्हटलेल्या त्या फेऱ्यात तशी पाच होती. तेव्हाही त्याने ती पाहिली होती आणि टाक्यांशी जमेनात म्हणून ‘अपवाद’ असा शेरा मारून मोकळा झाला होता.

“तोंड का असं?” संध्याकाळी बायकोने विचारलं. त्याने सांगितलं.

“मग सांगा की बाईंना.”

“सोमवारी अर्ज द्यायचाय.”

“चौदा वर्षं जगाचं आतबाहेर सांगताय, आणि स्वतःच्या पोटातलं एवढं बाहेर पडेना? जेवा आता, गार होतंय.”

सकाळी तो वर गेला. “बाई, तो फेरा आत आहे. चूक माझी.”

बाईंनी हातातली कुपी खाली ठेवली. “म्हणजे माझी प्रतिपिंडं बरी आहेत?”

“असतील. बंद दाराबाहेर उभी राहिली, एवढंच.”

“अरे मेल्या! दोन वर्षं हात धुऊन धुऊन कातडी सोलली मी.”

आत चिकटतात का, हे कुणी बघितलंच नव्हतं; फेरा बाहेर म्हटल्यावर आत बघायचं कारणच नव्हतं. बाईंनी पेशींना साबणासारख्या द्रवाने भोकं पाडली, प्रतिपिंडं सोडली, वर चमकणारा रंग दिला. दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक पेशीची कड हिरवीगार. बाई बराच वेळ बघत होत्या. मग त्यांनी आपला उजवा हात टेबलावर पालथा ठेवला आणि त्याच्याकडेही तितकाच वेळ बघितलं.

“त्या जिन्यातल्या मंडळींना बोलाव,” त्या म्हणाल्या. “एकेकाला.”

सोमवारी त्याने लिहिलं, चुका: एक. कारकुनाने अर्ज परत सरकवला.

“आकडा टाकला की चौकशी लागते, साहेब. निरंक लिहा.”

“पण चूक झालीय.”

“झाली असेल हो. रकान्यात कशाला?”

त्याने ‘एक’ तसाच ठेवला.

खरोखर बाहेर असलेल्या फेऱ्यासाठी नवी प्रतिपिंडं बनवायला सहा महिने लागतात. बाईंच्या निवृत्तीला चार उरले होते.