हनुवटीवरचे तीन ठिपके

लग्न जमवण्यासाठी काढलेला माझा फोटो अजून कपाटात आहे. त्यात मी टेलिफोन कानाला लावून बसले आहे. आमच्या माले गावात तेव्हा माझ्या ओळखीत कुणाकडे टेलिफोन नव्हता, आणि स्टुडिओतल्या त्या टेलिफोनला वायरही नव्हती. तरी माझा तोरा असा, जणू पलीकडून दिल्ली बोलतेय. हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके गावंढळ दिसतात म्हणून फोटोवाल्याच्या मागे लागून तेही घालवून घेतले. रंगही त्यानं असा उजळला, की बाई नव्हे, सोललेलं अंडं!

माणहून पाहुणे बघायला आले. मी चहा घेऊन बाहेर आले. होणाऱ्या सासूबाईंनी मला खालीवर न्याहाळलं आणि आईला विचारलं, "ही थोरली का? फोटोतली पोरगी कुटं हाय?"

आईनं पदराआड हसू दाबलं. "हीच की वो ती. ठिपके तेवढे फोटोवाल्यानं खाल्ले."

एवढं होऊन तरी अक्कल यावी ना?

आता माझी नात चित्रकला शिकते. पेन्सिलीनं अशी चित्रं काढते की फोटोच वाटावा, पापणीचा केसन् केस मोजून घ्या. बावधनच्या प्रदर्शनासाठी यंदा तिनं मला धरलं. रोज गच्चीवर बसवून माझं चित्र काढण्यात सगळी सुट्टी घातली पोरीनं. मी मात्र पहिल्याच दिवशी बजावलं, "सुरकुत्या ऱ्हाऊ देत, पर ठिपके दावू नगं. न्हाईतर चित्र हितनं हलू देणार न्हाई."

"मग ती तू कशी असशील, आज्जी?"

"मी कशी हाय ते मला ठावं हाय."

चित्र पुरं झालं तेव्हा ती खोडरबर हातात घेऊनच आली. तोंड एवढंसं. "ठिपके दाखवलेत मी. आधी बघ. नकोच म्हणालीस तर पुसते."

मी चष्मा लावला. मधला ठिपका जरा खाली ओघळलेला होता. रोज आरसा बघते, पण हे कधी दिसलं नव्हतं. लहानपणी गोंदणारीनं सुई टोचली तशी मी मान झटकली होती, आणि आईनं माझी हनुवटी दोन बोटांत गच्च धरली होती. "झालं, झालं" म्हणत. आईचा एकही फोटो नाही. चेहरासुद्धा आता धड आठवत नाही. तिची ती बोटं मात्र मला तिथं, कागदावर, लागली.

हात आपसूक पुढे गेला. ठिपक्यावर बोट टेकवलं आणि पेन्सिलीचा काळा रंग चित्रातल्या हनुवटीभर फासला गेला.

"आज्जी! हात काय लावतेस!"

"अगं, खरंच वाटलं मला."

"आता पुसावंच लागणार!"

"पूस आन् परत काढ. पर मधला असाच खाली गेलेला पायजे. सरळ केलास तर बघ!"

रडायच्या बेतात आलेली पोरगी हसायला लागली. मग मला पुन्हा गच्चीवर उन्हात बसवलं. बोलायचं नाही, हनुवटी हलवायची नाही. मी गुमान बसले. इतकी गप, की सुनेनं वर येऊन माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.