फर्नांडिस सरांची मुकी मशीनं

‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन.’ एवढं दाखवून प्रोग्रॅम बंद पडला.

नायगावातलं अंध विद्यार्थ्यांचं अभ्यासकेंद्र. तिथे देणगीत आलेल्या जुन्या कॉम्प्युटरांवर आमच्या कंपनीचा प्रोग्रॅम पुस्तकं मोठ्याने वाचून दाखवायचा. परीक्षेची नवी पुस्तकं उघडावीत म्हणून नवं व्हर्जन टाकलं, आणि सगळी मशीनं मुकी झाली.

केंद्र चालवणारे फर्नांडिस सर स्वतः अंध. म्हणाले, "स्मिता, सोमवारी पोरांची बँकेची परीक्षा हाय. वाचून कोण दाखवणार, तू?"

मी बॉसला, परागला, फोन लावला.

"जुनी डबडी आहेत गं ती. नवीन घ्या म्हणावं."

"तू देतोस घेऊन?"

त्याने फोनच ठेवला.

कंपायलर म्हणजे आम्ही लिहिलेला कोड प्रोसेसरला कळणाऱ्या हुकमांत उतरवणारा प्रोग्रॅम. नव्या प्रोसेसरला काही जास्तीचे हुकूम कळतात. जुन्यापुढे ते आले की तो ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून हात वर करतो. मी सेटिंग्ज उघडली. स्पीड वाढावा म्हणून परागने तिथे ‘नेटिव्ह’ घालून ठेवलं होतं. म्हणजे, ज्या मशीनवर बनवतोय त्याला कळणारे सगळे हुकूम वापर. आणि बनवलं होतं त्याच्या कोऱ्या करकरीत लॅपटॉपवर! मी मनातल्या मनात त्याचा उद्धार केला.

तिथे जुन्या प्रोसेसरचं नाव घातलं, मेनूतली एक बारीक चूकही सुधारली आणि पुन्हा बिल्ड केलं, म्हणजे प्रोग्रॅम नव्याने बनवून केंद्रातल्या मशीनवर टाकला. मेनू उघडला. पुस्तक वाचायला सांगितलं, तर परत तेच. आता रडायचीच बाकी होते.

मेनू चालतो, मग आवाज का नाही? मेनूच्या फाइलला मी हात लावला होता, आवाजाच्या फायलींना नाही. आमची बिल्ड सिस्टीम वेळ वाचवायला फक्त बदललेल्या फायली नव्याने बनवते, बाकीच्या आधीच्याच जोडते. सेटिंग बदललंय, हे तिच्या गावीही नव्हतं. भांडं न घासता त्यातच नवी आमटी! सगळं पुसून पहिल्यापासून बिल्ड केलं.

मशीन बोललं. मी चक्क टाळ्या पिटल्या.

संध्याकाळी पराग केंद्रावर आला. "चालेल, पण स्लो असणार."

सरांनी वाचनाचा वेग वाढवला. आणखी वाढवला. आवाज असा सुसाट सुटला की आम्हा दोघांना एक शब्द कळेना. सर मात्र मान डोलावत ऐकत होते.

"काय रे पराग, झेपत नाय?"

पोरं खो खो हसली आणि लगेच अभ्यासाला लागली. सोमवारी पोरं सगळी पुस्तकं ऐकूनच परीक्षेला गेली.

आमच्या ऑफिसात आता ‘नेटिव्ह’ बंद आहे. प्रोग्रॅम आपल्या लॅपटॉपवर चालला, तर लॅपटॉप चांगला आहे एवढंच सिद्ध होतं.