एव्हिसच्या टाचा

एव्हिसचा उजवा खांदा तिच्या आईच्या, लॉर्नाच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हता. घोड्यावरून पडून मोडलेला, धातूची पट्टी घालून सांधलेला खांदा, आणि आता पोरीला नेमका त्यालाच रायफलचा दस्ता टेकवायचा होता. रायफल तरी कसली, हजार यार्डांवरचं निशाण टिपणारी.

एव्हिस शाळेची बस चालवते. मोंटानाच्या उघड्या टेकड्यांत वाढलेली, बोलायला लागली की श्वास घ्यायला विसरणारी. नेमबाजीच्या क्लबात वर्षभर निशाणांखालच्या खंदकात बसून तिनं दुसऱ्यांची निशाणं वरखाली केली होती. आता स्वतःची पहिली रायफल घ्यायची म्हटल्यावर आईकडे जेवायला आल्यावरही नळीची लांबी आणि गोळीचं वजन यांखेरीज विषय निघेना. खांद्याचं नाव काढायचं नाही, असं वचन तिनं आईकडून आधीच घेऊन ठेवलं होतं.

शनिवारी क्लबाच्या रीतीप्रमाणे जुन्या मंडळींनी तिला आपापल्या रायफली झाडून पाहायला दिल्या. अट एकच. गोळी सुटली की ती कुठे लागली ते आधी आपण सांगायचं. मग खंदकातली माणसं निशाण खाली ओढून भोकावर चकती लावतात आणि पुन्हा वर करतात.

पहिली व्हर्लिनची. ती त्याला विकायचीच होती. जाड नळीची, मोठ्या गोळीची. सगळ्यांचा डोळा तिच्यावर. एव्हिस पालथी झोपली, चाप ओढला आणि म्हणाली, उजवीकडे, काठाला. चकती आली खाली डावीकडे. दुसऱ्यांदाही तेच.

"वारा फिरला," एव्हिस म्हणाली.

"पोरी, इथला वारा बिचारा सगळ्यांचे गुन्हे अंगावर घेतो," व्हर्लिन म्हणाला, आणि लोक खो खो हसले.

मग इडाबेलबाईंची. त्याही आता नवी घेणार होत्या, म्हणजे हीही विकायचीच. दिसायला साधी, गोळी लहान, खांद्याला बसणारा धक्का कमी. एव्हिस म्हणाली, मध्याच्या जरा वर. चकती तिथेच. पुढची सांगितली, तीही तिथेच. पोरगी उताणी होऊन आभाळाकडे बघत हसत सुटली. लॉर्नाच्या हातातली कॉफी डचमळून बुटांवर सांडली, तरी तिला कळलं नाही.

तरीही परतताना गाडीत एव्हिसचं ठरलं होतं. "व्हर्लिनचीच घेते गं आई. वाऱ्यानं घात केला नसता, तर तीच जिंकली असती." उद्या सकाळीच जाऊन आणायची. लॉर्नानं खांद्याचा विषय काढला नाही. वचन दिलं होतं ना.

रविवारी सकाळी थर्मास विसळता विसळता लॉर्नाचा हात थांबला. काल सगळे निशाणाकडे बघत होते. ती एकटीच, भीतीपोटी, पालथ्या पडलेल्या लेकीकडे बघत होती. व्हर्लिनची रायफल सुटायच्या आधी दर वेळी एव्हिसच्या दोन्ही टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या होत्या. इडाबेलबाईंच्या वेळी त्याच टाचा उन्हात झोपलेल्या मांजरांसारख्या निवांत पडून होत्या. वारा कसला! धक्का बसायच्या आधीच पोरीचं अंग दचकत होतं.

लॉर्नाला हसूच आलं. म्हणजे खांद्याबद्दल एक अक्षरही बोलायची गरज नव्हती. व्हर्लिनकडे निघायला एव्हिस आता आपल्या घरी बूट चढवत असेल. लॉर्नानं ओले हात झग्याला पुसले आणि टाचांचं सांगायला फोन उचलला.