कौलांखालचं सोडण

चंदरवर घरफोडीचा गुन्हा दाखल झाला, आणि त्याच्याविरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा त्याने स्वतःच्याच हाताने तयार केला होता.

मुरुडला नारळाच्या वाडीत येसाजींचं कौलारू घर आहे. येसाजी आणि कोकिळाकाकी लग्नासाठी दोन दिवस रोह्याला गेले होते. परतले तर पलंगावर ऊन पडलेलं, छपराला भगदाड. असं झालं की आमच्याकडे पोलीस कोणाला आठवत नाहीत. वानरांनी कौलं विस्कटली, असंच धरतात आणि कौलं चाळणाऱ्याला, म्हणजे ती काढून पुन्हा नीट बसवणाऱ्याला, फोन करतात. काकींनीही चंदरला बोलावलं.

चंदर वर चढला. सोळा कौलं निघाली होती, पण फुटलेलं एकही नव्हतं. चार-चारच्या थप्प्या लावलेल्या आणि थप्पी घसरू नये म्हणून प्रत्येकीखाली नारळाच्या सोडणाचा, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालीचा, तुकडा. चंदरने एक तुकडा उचलून उलटापालटा करून बघितला. मग ते चार तुकडे त्याने खिशात घातले, कौलं जागच्या जागी बसवली आणि खाली येऊन म्हणाला, "वानरच व्हती, काकी."

दुपारी काकींनी कपाट उघडलं. दागिने नव्हते.

पोलीस आले तेव्हा छप्पर धड होतं आणि कौलांवर ठसे चंदरचे होते. तीन दिवस पोलीस कोठडी, मग बारा दिवस तुरुंग. दागिने सापडले नाहीत. जामीन मंजूर झाला, पण जामीनदार कोण राहणार? शेजारी एकेक करून घरात गेले. नूतनचा, म्हणजे चंदरच्या बायकोचा, धाकटा भाऊ दिपेश मात्र न बोलावता सातबारा घेऊन हजर झाला.

दिपेश आणि चंदर यांनी सहा वर्षं एकत्र छपरं चाळली होती. थप्पीखाली सोडण ठेवायची सवय दिपेशची. चंदर त्याला चिडवायचा, "तुझ्या कौलांना गादी लागते रे!"

हे चंदर कोणालाच बोलला नाही. वकील अमिषाताईंनी बजावलं होतं, "चंदरभाऊ, गुन्हा शाबित झाला तर काही वर्षं आत जाल. माझ्यापासून काही लपवू नका." तो मान हलवायचा, एवढंच.

दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी आणि मधूनमधून कोर्टाची तारीख. तारखेला दिपेशच त्याला मोटारसायकलवरून न्यायचा, मिसळ खाऊ घालायचा आणि विचारायचा, "भावोजी, वकीलबाई काय म्हणतात? कौलांचं काय इचारलं का?"

"कौलांचं कशाला इचारतील?"

"न्हाय, आपलं सहज."

हे सहज दर तारखेला यायचं.

घरी वेगळंच. कपडे धुताना नूतनला नवऱ्याच्या खिशात सोडणाचे तुकडे मिळाले होते. "हे कशाला आणलंत?" यावर तो चपला घालून बाहेर गेला. तेव्हापासून तिची नजर बदलली. तो अंघोळीला गेला की ती त्याची कामाची पिशवी उलटीपालटी करायची. चंदरला ते कळायचं. त्याला छपरावर आता कोणीच चढू देत नव्हतं. काकी रस्त्यात दिसल्या की पदर सावरून पलीकडच्या कडेने जायच्या.

दीड वर्षाने सरकारी साक्षी संपल्या. न्यायाधीशबाईंनी चंदरला पुराव्यातली एकेक गोष्ट विचारली आणि शेवटी म्हणाल्या, "तुम्हाला आणखी काही सांगायचंय?"

चंदरने मागे पाहिलं. शेवटच्या बाकावर नूतन होती, शेजारी दिपेश. नूतन त्याच्याकडे बघत होती, पोलीस बघतात तशी.

"कौलं वानरांनी काढली नव्हती, साहेब. रचून ठेवली व्हती. थप्पीखाली सोडण व्हतं. ते मी उचललं."

"का?"

चंदरने पुन्हा शेवटच्या बाकाकडे पाहिलं. अमिषाताईंनी फाइलमधून मान वर केली. सोडणाचं काय एवढं, हे कोर्टात कोणाला कळलं नाही. दिपेश तेवढा उठला आणि दाराकडे निघाला.

"दिपू, खाली बस!" नूतन ओरडली. "साहेब, हा ठेवतो सोडण! आमच्या घराची कौलं काढली तवा पण ह्यानंच ठेवलं. माझा भाऊ हाय हा!"

"बाई, असं मध्ये बोलता येत नाही. खाली बसा."

नूतन बसली नाही. दिपेश दारातच थांबला. बाहेरचा शिपाई त्याच्या तोंडाकडे बघत होता.

अमिषाताई उठल्या आणि बचावाची साक्षीदार म्हणून नूतनला तपासायची परवानगी त्यांनी मागितली. पुढची तारीख पडली. त्या दिवशी परतताना नवरा-बायको एसटीने गेले.