पाण्याला भिणारा दादा

"शुभा, ते आहेत का? तेवढंच सांग," वहिनी फोनवर म्हणाली. भाच्याच्या लग्नासाठी ती रत्नागिरीजवळ माहेरी गेली होती आणि मी इकडे जबलपूरला दवाखान्याच्या व्हरांड्यात उभी होते. दादाला बरं नाही, तुम्ही निघा, एवढंच सांगायचं मी ठरवलं होतं... पण तोंडातून शब्द फुटला नाही, आणि तिला कळायचं ते कळलं. एवढ्या उन्हात थांबू नका, आजच उरकून घ्या, असं शेजारची मोठी माणसं म्हणत होती. दादाची मुलगी जुही बंगळुरूहून विमानानं पोचली होती. मम्मी येईपर्यंत पापा इथंच राहतील, असं तिनं सांगून टाकलं. दादाला बर्फावर ठेवून आम्ही वहिनीच्या गाडीची वाट पाहत बसलो.

माझा दादा रिछाईच्या कारखान्यात लेथवर काम करायचा. धिप्पाड, मिशीवाला माणूस, पण पाण्याला फार भ्यायचा. लहानपणी ग्वारीघाटावर बुडता बुडता वाचला होता. तेव्हापासून नर्मदेवर गेला तरी पायरीवर बसून तांब्यानं अंघोळ करायचा. आणि त्याला बायको मिळाली ती खाडीकाठची, वडिलांच्या होडीत वाढलेली.

जुही पहिलीत असताना वहिनीचे वडील गेले. जबलपूरहून कोकणात पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं होतं. ती परत आली ती मुकी होऊनच. स्वयंपाक करायची, जुहीच्या वेण्या घालायची, पण ना रडली, ना कुणाशी धड बोलली. "काहीच बोलून नाही राहिली गं," दादा मला हळूच म्हणायचा. कारखान्यातल्या कुणीतरी त्याला सांगितलं की बरगीच्या धरणात खेकडे मिळतात. एका रविवारी त्यानं आम्हा सगळ्यांना तिथं नेलं. नाववाल्याशी आधीच बोलून ठेवलं होतं.

आमच्या घरात खेकडा कुणी खाल्लेला नव्हता. दादानं सुतळीला कोंबडीचे पाय बांधून आणले होते. वहिनीनं त्याच्या गाठी पाहिल्या, सगळ्या सोडल्या आणि पुन्हा बांधल्या. सुतळी पाण्यात सोडायची, ओढ लागली की अगदी सावकाश वर घ्यायची, आणि खेकडा दिसला की खालून जाळी घालायची... तिचे हात आपोआप चालले होते. बादलीत पहिला खेकडा पडला तेव्हा जुही किंचाळली, "पापा, ये तो तिरछा भागता है!" पापा मात्र नावेच्या दुसऱ्या टोकाला, दोन्ही हातांनी काठ घट्ट धरून बसला होता. "भैया, छोड़ भी दो, नाव कहीं नहीं भागेगी," नाववाला हसून म्हणाला.

असाच एक खेकडा वर घेताना वहिनीचा हात थांबला. "बाबा असेच..." ती म्हणाली, आणि तिला हुंदका आला. मोठ्यानं रडायला लागली, मग एकदम तोंडावर पदर दाबून धरला.

दादानं काठ सोडला. नाववाला बसा बसा म्हणत राहिला. नाव डुलत होती आणि दादा गुडघ्यांवर रांगत निघाला. वाटेत बादली कलंडली, खेकडे नावभर पळाले, जुही पाय वर घेऊन मला चिकटली. वहिनीजवळ पोचला तेव्हा तो पार ओला झाला होता आणि थरथरत होता. "रड ना," तो म्हणाला. "काहून थांबतेस? मी बसून राहिलो ना इथं."

परत येईपर्यंत तो तिथून हलला नाही. हाती लागले तेवढ्या खेकड्यांचा वहिनीनं संध्याकाळी झणझणीत रस्सा केला. दादा घाम पुसत, नाक ओढत दोनदा वाढून घेऊन जेवला.

त्या दिवशी गाडीतून उतरून वहिनी घरात आली, दादाच्या उशाशी बसली, आणि तशीच राहिली. तिला रडवा, असं बायका मला खुणावत होत्या. मी शेजारी बसले. दादाचं ते वाक्य ओठांवर आलं होतं... माझ्याच्यानं म्हणवलं नाही. ते म्हणणारा समोर झोपला होता. जुहीनं येऊन तिचं डोकं छातीशी धरलं, तेव्हा कुठं ती रडली.

आता जुहीही बंगळुरूला परत गेली. मी कांचघरहून मधूनमधून वहिनीकडे चेरीतालला जाते. जबलपूरचं ऊन यंदाही तसंच आहे. मागच्या रविवारी गेले तर कूलर सुरू होता, काठोकाठ पाणी भरलेला, आणि त्याचं तोंड दादाच्या रिकाम्या पलंगाकडे. पलीकडे वहिनी घामेजून बसली होती. तिच्याकडे वळवावा म्हणून मी कूलरला हात लावला.

"राहू दे गं," ती म्हणाली. "ह्यांना फार उकडतं."