सरूसाठी एक मावशी

पुंडलिकला एका जागी बसता येत नसे. हमरापूरच्या कारखान्यांतून गणपती भरताना बाकीचे टेम्पोवाले चहा घेत, मोबाइल बघत निवांत असायचे. हा मात्र गाडीभोवती फेऱ्या मारायचा. बांधलेल्या दोऱ्या ओढून बघायचा आणि जरा वेळानं पुन्हा ओढून बघायचा. जेवायला बसला तरी एक पाय हलत राहायचा. सासू आनंदीबाई हसून म्हणायची, "आमच्या जावयाच्या पायाला भिंगरी हाय."

तो वाढला रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या बालगृहात. चालायला यायच्या आधीच कुणीतरी त्याला तिथं आणून सोडलं होतं. नावही तिथल्याच एका जुन्या अधीक्षकांनी ठेवलेलं. आईबापाची सेवा करणाऱ्या पुंडलिकाचं नाव असं बिनआईबापाच्या पोराला ठेवलं, म्हणून शाळेत मुलं चिडवायची. तक्रार करावी असं मात्र काही घडलं नव्हतं. पोटभर जेवण मिळालं, अंगभर कपडे मिळाले, दहावीपर्यंत शाळा झाली. सांभाळणाऱ्या मावश्याही चांगल्या होत्या. पण पोरं ढीगभर आणि मावश्या दोन. अंघोळ रांगेत, जेवण रांगेत, ताप आला तर औषधही रांगेत. अठरा पूर्ण झाल्यावर तो बाहेर पडला, गाडी शिकला, पेणला आला. गणपतींची वाहतूक करता करता हमरापूरच्या शीतलशी ओळख झाली. ती कारखान्यात मूर्ती रंगवायची. दोघांचं लग्न झालं आणि पुढं उर्वीचा जन्म झाला.

मुलगी झाली म्हणून त्यानं साऱ्या आळीत पेढे वाटले. पण ती रडायला लागली की त्याच्या छातीत धडधडायचं आणि तो खुंटीवरची किल्ली काढायचा.

"अवो, निघालात कुठं?"

"टायरात हवा भरून येतो."

"सकाळीच भरली ना?"

तोवर टेम्पो रस्त्याला लागलेला असायचा. एकदा शीतलनं त्याला दारातच अडवलं. "पोर रडली की तुमाला गाडीच आठवते. राग हाय काय तिच्यावर?"

"नाय गो."

"मग काय?"

तो तिच्या कडेनं निघून टेम्पोत जाऊन बसला.

अशातच बाळ सरांचा फोन आला. सर पेणच्या शाळेतून निवृत्त झालेले, तिथल्या ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळाचे अध्यक्ष. दर वर्षी मंडळ कुठल्यातरी संस्थेला भेटवस्तू द्यायचं. यंदा अष्टमीच्या बालगृहाची निवड झाली होती. खेळणी, चादरी, दप्तरं पोचवायची होती. पुंडलिक 'हो' म्हणाला आणि मग दोन दिवस त्याच्या जिवाला चैन नव्हती. बाहेर पडल्यापासून तो तिथं एकदाही गेला नव्हता.

नागोठण्यावरून भिसे खिंड उतरून तो पोचला तेव्हा ऊन चढलं होतं. जुनी कौलारू इमारत पाडून नवी बांधली होती. अधीक्षकही नवीन होत्या, मृणालीताई. तो इथंच वाढलेला हे कळल्यावर त्यांनी आधी पाणी दिलं, मग सगळी संस्था दाखवली. लहान मुलांच्या खोलीत शिरताना पुंडलिकनं मन घट्ट केलं. एवढी तान्ही पोरं म्हणजे रडारड असणारच.

खोलीत शांतता होती.

पाळण्यांच्या दोन रांगा. काही मुलं झोपलेली, काही जागी, छताकडे बघत पडलेली. एक मुलगा रांगत आला आणि त्यानं पुंडलिकच्या पायाला मिठी मारली. समोरचा माणूस कोण, कुठला, याची त्या पोराला फिकीर नव्हती. कोपऱ्यातल्या पाळण्यात वर्ष-दीड वर्षाची एक मुलगी कठडा धरून उभी होती आणि या पायावरून त्या पायावर डुलत होती. पुंडलिकनं टाळी वाजवली, चुटक्या वाजवल्या. तिनं त्याच्याकडे बघितलं, पण काचेतून पलीकडचं बघावं तसं.

"ही सरू," मृणालीताई म्हणाल्या.

"आजारी हाय काय?"

"नाही. डॉक्टरांनी सगळं तपासलंय. कान चांगले, डोळे चांगले."

"मग रडत कशी नाय? एकपण पोर रडत नाय इथं."

मृणालीताईंनी पाळण्यातली घसरलेली चादर सारखी केली. "मूल रडतं ते कुणीतरी येईल म्हणून. किती रडलं तरी कुणी येत नाही, असं पुष्कळदा झालं की सोडून देतं. आमच्या दोन बायका किती पुऱ्या पडणार? एकाला दूध पाजेपर्यंत दुसऱ्याचा लंगोट बदलायची वेळ होते. हिची केस कोर्टात अडकलीय, त्यामुळे दत्तकही देता येत नाही. लोक खूप देतात हो, आम्ही त्यांचे उपकारच मानतो. कपाटं भरलीत खेळण्यांनी. मांडी कुठून आणू?"

पुंडलिकनं खोकी उतरवली, सही घेतली आणि तो निघाला. डोकं जाग्यावर नव्हतं. पूल ओलांडून रोह्यातून सरळ पुढं गेला आणि कोलाडच्या नाक्यावरची हॉटेलं दिसली तेव्हा कुठं कळलं, की आपण घराकडे नाही, भलतीकडेच आलो. रस्त्याच्या कडेला गाडी लावून तो बराच वेळ उतरत-चढत राहिला. कुणाला फोन करावा, काय सांगावं, काहीच सुचेना.

संध्याकाळी घरी आला तर उर्वीनं घर डोक्यावर घेतलं होतं. त्याचा हात सवयीनं किल्लीकडे गेला. पण तो तसाच दारात उभा राहिला आणि पहिल्यांदाच त्यानं ते रडणं नीट ऐकलं. पोर हक्कानं ओरडत होती. कुणी आलं नाही असं तिच्या बाबतीत कधी झालंच नव्हतं.

"दे इकडं," तो म्हणाला.

शीतलनं चमकून बघितलं. "मानेखाली हात धरा. असा नाय, असा. आणि जरा सैल सोडा अंग, लाकडासारखं काय धरताय?"

उर्वी लगेच गप्प झाली नाही. उलट जोरात रडली, त्याच्या शर्टावर दूध ओकली. तरी तो पळाला नाही. तिला घेऊन ओट्यापासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत राहिला. शेवटी ती दमून त्याच्या खांद्यावर झोपली. "आता ठेवा खाली," असं शीतल दोनदा म्हणाली, पण त्याला ठेववेना.

पुढच्याच आठवड्यात तो पुन्हा अष्टमीला गेला. "ताई, मी येत जातो. जमेल तवा. सरूला घेऊन बसतो."

मृणालीताईंनी मान हलवली. "नाही जमणार."

"का? टेम्पोवाला म्हणून?"

"कुणालाच जमणार नाही. चौकशी झाल्याशिवाय कुणाच्याही हातात मूल देता येत नाही, हा एक नियम. आणि चौकशी झाली तरी 'जमेल तेव्हा' हेच मला नकोय. तुम्ही आलात, तिला लळा लागला आणि गणपतीचा सीझन आला की दोन महिने गायब. मग काय करायचं तिनं?"

"हे माझंपण घर हाय ना?" पुंडलिकचा आवाज चढला.

"म्हणून तर तुम्हाला खरं सांगतेय. तिला रोज तेच माणूस हवं. तोच वास, तोच आवाज. तुम्हाला काही करायचंच असेल तर मला आणखी एक मावशी ठेवता येईल असं बघा. वर्षभरासाठी नाही, वर्षानुवर्षं."

तो रागातच परतला. पण बाई बोलल्या त्यात खोटं काय होतं, हे त्याला कुठंच सापडेना. वडखळ येईपर्यंत राग उतरला आणि अस्वस्थपणा तेवढा उरला. घरी न जाता तो थेट बाळ सरांकडे गेला.

सरांनी ऐकून घेतलं आणि ते चष्मा पुसत बसले. "अरे पुंडलिक, मंडळातली माणसं वस्तू देतात. मुलं खेळतात, हसतात, त्यांना समाधान वाटतं. मावशीचा पगार कुणाला दिसणार?"

"सर, मलाबी खेळणी मिळाली होती. लाल मोटार, चावीचं माकड, लाकडाची रेल्वे. सगळी आठवतात. ती द्यायला आलेल्या लोकांचे बूटसुद्धा आठवतात." तो खुर्चीवरून उठला, खिडकीपर्यंत जाऊन परत आला. "पण मला उचलून घेतलेलं एक माणूस आठवत नाय. एकपण नाय."

त्या रविवारी सर टेम्पोत पुंडलिकच्या शेजारी बसून अष्टमीला आले. हार नाही, खाऊ नाही, फोटो नाही. मृणालीताईंच्या देखत खोलीत जमिनीवर बसले तर एक मूल मांडीवर चढलं, त्याला ढकलून दुसरं चढलं, तिसरं पाठीला लोंबकळलं. सत्तरीच्या माणसाला ते आवरेनात. परतीच्या वाटेवर नागोठणं मागं पडल्यावर ते म्हणाले, "नाही म्हणतील लोक. विचारत राहू."

लोक नाही म्हणालेही. कुणाला हे कायमचं लोढणं वाटलं, कुणी विचार करतो म्हणून पुन्हा फोनच उचलला नाही. मंडळातल्या दोघांनी तर बैठकीला येणंच सोडलं. इकडं शीतल उर्वीला कडेवर घेऊन मावशीच्या पगारासाठी हमरापूरच्या कारखान्यांतून फिरली. मालकांआधी रंगकाम करणाऱ्या बायकांना ते पटलं. स्वतःची पोरं झोळीत टाकून काम करणाऱ्या बायका त्या. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनीच मालकांच्या मागं लकडा लावला. विसर्जन उरकल्यावर, अर्धं मंडळाकडून आणि अर्धं हमरापुरातून, एका मावशीच्या पगाराची सोय झाली.

मृणालीताईंनी निवडली ती सोनी, रोह्याजवळच्या कातकरी वाडीवरची. वीटभट्टी सोडून आलेली, कमी बोलणारी बाई. तिच्याकडे चारच मुलं दिली, त्यांत सरू. दुसरं कुठलंही काम तिला सांगायचं नाही, असा ताईंचा दंडक होता.

चौकशीचे सोपस्कार झाल्यावर पुंडलिक आणि शीतल दर महिन्याला जाऊ लागले. सुरुवातीला सरू तशीच. सोनी तिला पाठीशी बांधून फिरायची, तिच्याशी कातकरी बोलीत पुटपुटायची, आणि सरू तिच्या खांद्यावरून भिंतीकडे बघत राहायची. "काय फरक नाय," घरी परतताना पुंडलिक चिडून म्हणायचा. "उशीर केला आपण." शीतल त्याला गप्प बसायला सांगायची. पण रात्रभर कूस बदलत राहायची तीही.

उन्हाळा लागता लागता एका दुपारी तो बालगृहात तांदळाची पोती उतरवत होता. आतून एकदम टाहो ऐकू आला. पोतं तसंच टाकून तो धावला. सोनी कपडे वाळत घालायला अंगणात गेली होती आणि सरू दाराशी उभी राहून, तोंड लालबुंद करून, तिच्यासाठी आक्रोश करत होती. मृणालीताई ऑफिसमधून बाहेर आल्या होत्या, पण सोनीनंच यावं म्हणून कुणी पुढं झालं नाही. ओला झगा खांद्यावर तसाच टाकून सोनी पळत आली.

"आली, आली गो बाय. कुठं जाते तुला टाकून?"

सरूनं तिच्या मानेत तोंड खुपसलं. हुंदके मात्र बराच वेळ चालू होते. मृणालीताई हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या.

पुंडलिक पोतं उचलायला वळला, तेव्हा त्याची नजर आत पलीकडच्या पाळण्यांच्या रांगेवर गेली. तिथली चार-पाच मुलं अजून छताकडे बघत पडली होती. सरूच्या रडण्यानंही त्यांनी मान वळवली नव्हती. त्याचा आनंद तिथंच अडकला.

त्यानं तांदूळ कोठीत लावला आणि चहासुद्धा न घेता गाडी सुरू केली. शीतल आत चढून बसते तोवर तो बाळ सरांना फोन लावत होता.

"सर, सरू रडली!" तो म्हणाला. पलीकडून सर काय बोलले ते त्यानं नीट ऐकलंही नाही. "व्हय, व्हय, चांगलीच रडली. आता रोह्यात कोण ओळखीचं हाय तुमचं, ते सांगा. दुसरी मावशी बघायला लागेल."